दादाला बसवलंय

आमच्या भागात दोघांना बसवतात. एक गणपतीला आणि एक माझ्या दादाला. गणपतीला वर्षातून एकदाच, भाद्रपदात, हलगी लावून. दादाला मुहूर्त लागायचा नाही. कुणाच्या विहिरीवरची केबल गेली, कुणाच्या ठिबकच्या नळ्या गेल्या, एकदा तर कुणाची शेळी दावं तोडून उसात शिरली, तरी ठाण्याची गाडी थेट आमच्या वस्तीवर. मग मला शाळेत फोन यायचा. पलीकडून वहिनी एवढंच म्हणायची, "दादाला बसवलंय."

हा शब्द ज्यांच्या घरी कधी आला नाही, त्यांना तो समजावून सांगायला हवा. अटक केली की कागद करावा लागतो, माणसाला कोर्टापुढं उभं करावं लागतं. बसवलं तर यातलं काही लागत नाही. एक भिंत आणि तिच्या कडेची फरशी पुरते. माणूस सकाळी बसतो आणि साहेबांना त्याची आठवण झाली की उठतो. बाहेर कुणी विचारलंच तर हवालदार म्हणतात, "धरलंय कुठं? नुसतं बसवलंय." ऐकणाऱ्याला वाटावं, चहापाण्यालाच बोलावलं असेल.

आम्ही पारधी. निरवांगीच्या अलीकडं गायरानाला लागून आमची वस्ती आहे. आधी पालं होती, आता घरकुलं झाली. जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा देश स्वतंत्र झाल्यावर रद्द झाला, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. आमच्या ठाण्यात तो धडा अजून व्हायचाय. वडील लवकर गेले. दादानं सातवीतून शाळा सोडली आणि मला मात्र सोडू दिली नाही. डी.एड.ला मी बारामतीत राहायचे तेव्हा तो दर महिन्याला ज्वारीचं पोतं एसटीच्या टपावर टाकून आणायचा. आज कऱ्हाटीच्या बाजूला एका शाळेत मला लोक 'बाई' म्हणतात, त्यातली निम्मी बाई दादानं घडवलेली आहे. हे त्याच्या तोंडावर म्हटलं की तो म्हणतो, "मग निम्मा पगार दे," आणि हसत निघून जातो.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत दादाला वॉचमनची नोकरी मिळत होती. कायमची, गणवेशाची, आठ तासांची. इतकी वर्षं तो आमच्या शेजारच्या तात्यांच्या उसाला पाणी द्यायचा. रात्रीची लाइट असली की चिखलात, दिवसाची असली की उन्हात. गुडघे दुखायला लागले होते. कंपनीनं सगळं पसंत केलं आणि एकच कागद मागितला, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. गणपती उठल्यावर पहिल्या सोमवारपर्यंत आणा, नाहीतर दुसरा माणूस घेतो, असं स्पष्ट सांगितलं. दादानं अर्ज भरला. आणि त्याच आठवड्यात तात्यांच्या विहिरीवरची मोटार गेली.

तात्या म्हणजे पंचवीस एकर ऊस, डोक्याला कायम टापटीप टोपी आणि आवाज बांधाच्या पलीकडं जाणारा. माणूस वाईट नाही. आमच्या आईच्या मयताला पहिला ट्रॅक्टर त्यांचाच आला होता. पण मोटार गेल्यावर त्यांनी जे केलं ते या भागातला कुणीही बागायतदार करतो. ठाण्यात जाऊन तक्रार दिली, आणि हवालदारानं विचारल्यावर सांगून टाकलं, "मोटारीचं बारकावं म्हणाल तर त्यालाच ठावं." तो म्हणजे दादा. खरं तर दोन दिवस आधी दादाच त्यांना म्हणाला होता, "तात्या, मोटार घरघर करती. भरायला टाका, न्हायतर जळंल." दादाची ती काळजी तपासात पुरावा झाली. चोरानं आधी मालाची पाहणी केली होती, असा अर्थ निघाला.

दादाला बसवलं. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी बावड्याच्या वायंडिंगच्या दुकानातून, म्हणजे मोटारीच्या जळक्या तारा काढून नव्या भरतात तिथून, तात्यांना फोन आला, "तात्या, मोटार भरून तयार हाय. घिऊन जा."

झालं होतं ते असं. तात्यांचे जावई अकलूजच्या बाजूचे. पिकअप घेऊन सासरवाडीला आले होते. माणूस हौशी, पाना कायम गाडीत. विहिरीवर फेरी मारली, मोटारीचा आवाज ऐकला, सोबत आणलेला आपला गडी हाताशी घेऊन मोटार सोडवली, पिकअपमध्ये टाकली. तात्या कारखान्याच्या मीटिंगला गेले होते. जावयांनी जाताना दारातून सासूला, म्हणजे आमच्या काकूंना, सांगितलंसुद्धा, "मामी, मोटार घिऊन जातो हं."

काकूंच्या लेखी चार चाकांचं जे काही असेल ते मोटार. जावई मोटारीतून आले, मोटार घेऊन चालले. त्यांनी चुलीपुढून ओरडून सांगितलं, "सावकाश जावा जावईबापू. रस्त्यात खड्डं हायती."

एवढ्यावर माझा भाऊ दोन दिवस फरशीवर.

काही हाती लागलं नाही म्हणून दादा सुटून घरी आला. त्यानं आंघोळ केली, भाकरी खाल्ली आणि हे ऐकून तो इतका हसला की वहिनीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. मला हसू येत नव्हतं. मी दाखल्याचं विचारायला ठाण्यात गेले. हवालदारानं संगणकात बघितलं आणि सांगितलं, "मोटारचोरीत संशयित म्हणून नाव आहे. तपास चालू आहे. दाखला कसा द्यायचा?"

"मोटार सापडली," मी म्हटलं.

"फिर्यादीनं कळवलं नाही. कळवू द्या, मग बघू."

म्हणजे मोटार विहिरीवर पाणी उपसत होती आणि कागदावर अजून चोरीला गेलेली होती. मी तशीच तात्यांच्या दारात गेले. ते ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. मी म्हटलं, "तात्या, ठाण्यात जाऊन एवढं सांगा, मोटार जावयांनी नेली होती. दादाची नोकरी अडलीय."

तात्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. "जावयानं मोटार न्हेली, आसं म्या पोलिसाला सांगू? लिव्हून दिऊ? पोरीच्या सासरी कोणतं तोंड दाखवू गं?"

"दादाला दोन दिवस बसवलं त्याचं काय?"

"त्याला काय," तात्या म्हणाले, आणि थांबले. पुढचं वाक्य त्यांना स्वतःलाच ऐकू आलं असावं. पण ते त्यांनी मागं घेतलं नाही. "त्याला सवय हाय," एवढं म्हणून ते आत गेले.

मी त्या दिवशी रडले नाही, चिडले. माझा राग वाईट आहे. तो लगेच बाहेर पडत नाही, दुधासारखा मंद आचेवर तापत राहतो. बारामतीला माझ्या घरी परतणाऱ्या गाडीत खिडकीशी बसून मी मनातल्या मनात तात्यांना, हवालदाराला, जावयाच्या पान्याला, सगळ्यांना शिव्या घातल्या. घरी आले तेव्हा गावातल्या गणेश मंडळाच्या पोरांचा फोन होता. दरवर्षी त्यांच्या जिवंत देखाव्याचा मजकूर मीच लिहून द्यायचे. मागच्या वर्षी 'पाणी वाचवा', त्याच्या मागच्या वर्षी 'बेटी बचाव'. यंदा काय लिहिताय, असं विचारत होती.

"लिहिते," मी म्हटलं. "यंदा चोरीवर लिहिते."

ज्यांनी जिवंत देखावा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. मंडपात गणपतीशेजारी छोटं स्टेज असतं. संवाद आधी रेकॉर्ड करून ठेवतात, स्टेजवरची माणसं त्यावर ओठ हलवतात. पंधरा मिनिटांचा खेळ, संध्याकाळी सातपासून पुन्हा पुन्हा. मी दोन दिवसांत लिहिलं. पडदा उघडतो, एक शेतकरी ओरडत येतो, "साहेब, माझी मोटार गेली हो!" फौजदार टोपी नीट करतात आणि तपास सुरू करतात. तपासात एकूण तीन प्रश्न. "पारधी वस्ती कुठं हाय? माणसं किती हायती? आपल्या गाडीत मावतील का?" मोटार कुठली, कधी गेली, शेवटची कुणी बघितली, हे विचारायला फौजदारांना वेळच मिळत नाही. ठाण्याच्या भिंतीशी पारधी बसवलेला. येणारा जाणारा त्याला हात जोडतो, कुणी नारळ ठेवतो. हवालदार म्हणतो, "आमच्या मंडळाचा हा मानाचा हाय. दरसाल यालाच बसवतो." मधे जावई आणि सासूचा प्रसंग, जसा घडला तसा. आणि शेवटी खुद्द मोटारच स्टेजवर येते, अंगाला पुठ्ठा गुंडाळलेला एक मुलगा, आणि लोकांना सांगते, "मी बावड्यालाच होते. दुकानात, शटरच्या कडेला, भर रस्त्यावर. मला कुणी हुडकलंच न्हाय. समदी पारध्याला हुडकत होती."

तालमीला पहिली अडचण अशी आली की फौजदार व्हायला एकही पोरगा तयार होईना. मंडळातली निम्मी पोरं पोलीस भरतीची तयारी करणारी. पहाटे उठून रस्त्यावर धावतात, गोळा फेकतात. साहेबांनी बघितलं तर आमचं काय, असं ज्यानं त्यानं पुढं केलं. दादा मागं पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. तो म्हणाला, "म्या करतो. मला समदं पाठ हाय."

आणि खरंच पाठ होतं. खुर्चीत रेलायचं कसं, समोरच्याकडं न बघता त्याला हाक कशी मारायची, नाव विचारून ते लक्षात कसं ठेवायचं नाही. पोटातून निघणारा तो 'हं' दादानं असा काढला की पोरं पोट धरून खाली बसली. मीही हसले, पण हे शिकायला त्याला किती वर्षं लागली, ते मला ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट घडली ती मी आयुष्यभर विसरणार नाही. सासूचा आवाज द्यायला कुणी बाई मिळत नव्हती. मीच देणार होते. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करणार, तेवढ्यात दारात काकू. तात्यांच्या घरच्या काकू. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. भांडायला आल्या असतील, असंच वाटलं.

काकूंनी पदर खोचला. "माजं मी बोलती," म्हणाल्या. "माझ्या चुकीपायी ते लेकरू दोन रोज फरशीवर बसलं. आन् हितं तुमी माज्या नावानं बोलणार व्हय?" मग मोबाइलपुढं तोंड नेऊन, जशी त्या दिवशी चुलीपुढून दिली असेल तशीच हाळी दिली, "सावकाश जावा जावईबापू! रस्त्यात खड्डं हायती!" त्यांना वाचता येत नाही. वाचायची गरजही नव्हती.

"तात्या काय म्हणतील?" मी विचारलं.

"तेस्नी मी बघते," काकू म्हणाल्या. आजही मला कुणी धाडस म्हणजे काय असं विचारलं तर मला काकूंचा तो खोचलेला पदर आठवतो. मी त्यांची ऋणी आहे, आणि हे मी त्यांना सांगितलंय. त्या लाजून चहा टाकायला उठल्या.

गणपती बसले. पहिल्या दिवसापासून मंडपात गर्दी. बावड्याहून, लासुर्ण्याहून लोक टमटम करून यायला लागले. 'मोटार घिऊन जातो' हे वाक्य पोरांच्या तोंडी बसलं. जो तो गाडीवर बसताना तेच म्हणायचा. तात्या मात्र मंडपाकडं फिरकले नाहीत. आणि दाखला तिथंच अडलेला. सोमवार जवळ येत होता.

सातव्या दिवशी ठाण्याचे साहेब आले. दरवर्षी ठाण्यातर्फे चांगल्या देखाव्याला बक्षीस असतं, ते बघायला. नवीनच बदलून आलेले, वयानं दादाएवढे. सोबत तोच हवालदार. पोरांचे चेहरे उतरले. मंडळाच्या अध्यक्षानं मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, पाणी वाचवाचा पेनड्राइव्ह हाय का?" मी नाही म्हटलं. तो माझ्या पर्समध्ये होता.

देखावा सुरू झाला. 'आपल्या गाडीत मावतील का' ला हशा पिकला. साहेबांचा चेहरा दगडाचा. मानाचा पारधी आला, नारळ ठेवला गेला, लोक शिट्ट्या मारायला लागले. हवालदार मंडपाच्या छताला लावलेल्या झुंबराची तपासणी करत होता. मोटार येऊन बोलून गेली. पडदा पडला आणि टाळ्या थांबल्यावर साहेब उठून स्टेजपाशी गेले. दादा अजून फौजदाराच्या गणवेशात.

"फौजदाराचं काम तुम्ही केलंत?" साहेबांनी विचारलं. "हुबेहूब. कुठं शिकलात?"

दादानं खाली बघितलं. मग वर बघितलं. "साहेब, तुमच्याच हितं," तो म्हणाला.

नोकरी गेली, मला वाटलं, एका वाक्यात घालवली यानं. आणि मग मागून, खांबाच्या आडून, बांधापलीकडं जाणारा तो आवाज आला.

"साहेब, ह्यो खेळ न्हाय. ही माज्या घरची गोष्ट हाय."

तात्या पुढं आले. टोपी हातात. काकू त्यांच्या मागं एक पाऊल अंतरावर, त्यांना परतीची वाट राहू नये अशा उभ्या. "फिर्याद म्या दिली. मोटार माज्या जावयानं भरायला न्हेली. मला तिसऱ्या दिशी कळलं, आन् म्या लाजंपायी गप बसलो. ह्याला सवय हाय, म्हणलो म्या. सवय कुणाला आसती साहेब? लिव्हून घ्या माजा जबाब."

माझा राग होता तो तिथंच उतरला. कुठं गेला मला कळलंही नाही. मी रडायला लागले, आणि मोटारीचा पुठ्ठा गुंडाळलेला मुलगा माझ्याकडं बघत राहिला.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि ते गेले. ना शाबासकी, ना दम. सकाळी मी बारामतीहून शाळेत पोचले. पहिला तास सुरू होता, तेवढ्यात वहिनीचा फोन.

"दादाला बसवलंय."

मी वर्ग शेजारच्या गुरुजींवर सोपवला आणि मिळेल त्या गाडीनं निघाले. सगळ्या वाटेवर स्वतःला बोल लावत होते. कशाला लिहिलं? काकूंनी तात्यांना आज ना उद्या वळवलंच असतं, पण मला जिरवायची होती ना. माझी हौस, आणि पुन्हा फरशी दादाला. ठाण्याच्या पायऱ्या चढले. भिंतीशी बघितलं. भिंतीशी कुणी नव्हतं.

दादा साहेबांच्या खोलीत होता. खुर्चीवर. समोर अर्धा प्यालेला चहा. शेजारच्या खुर्चीवर तात्या, कागदावर सही करत. मी दारात उभी राहिले तसा दादा माझ्याकडं बघून म्हणाला, "बाई, आज खुर्चीत बसवलंय." फोन करताना वहिनीला त्यानं खुर्चीचं सांगितलं नव्हतं. मुद्दाम. त्याच्या या वात्रटपणाला मी अजून माफी दिलेली नाही.

साहेबांनी दाखल्याच्या पडताळणीवर सही केली. तक्रार निकाली काढली. उठताना म्हणाले, "बक्षीस तुमच्या मंडळाला देता येणार नाही. वरून विचारणा होईल." मग टोपी उचलत, "पण तपासाचे प्रश्न मी लिहून घेतलेत." मला तो माणूस आवडला. एका सहीनं आणि एका देखाव्यानं सगळं बदललं, असं मी म्हणणार नाही. आमच्या वस्तीवर गाडी अजून येते. पण मागच्या वर्षी पलीकडच्या गावातल्या एकाची मोटार गेली तेव्हा त्याच हवालदारानं फिर्याद लिहायच्या आधी विचारलं म्हणे, "जावई आले होते का?" मला एवढंही पुष्कळ वाटलं.

दादा सोमवारी कामावर हजर झाला. दिवाळीत मी त्याच्यासाठी फराळाचा डबा घेऊन कंपनीच्या गेटवर गेले. निळा गणवेश, इस्त्री केलेला, शिट्टी खांद्याला. पहिल्याच दिवशी तिथल्या सुपरवायझरनं त्याला सांगितलं होतं, पिशव्या सगळ्यांच्या बघत बसू नको, कुणाची बघायची ते चेहऱ्यावरून कळतं. दादानं त्याला विचारलं होतं, "साहेब, चेहऱ्यावरनं कसं कळतं? मला न्हाय कळत." तेव्हापासून तो सगळ्यांच्या बघतो. मॅनेजरचीसुद्धा.

"पिशवी उघडा," दादा मला म्हणाला.

"अरे, मी आहे!"

"समद्यांची बघतो, बाई."

मी डबा उघडला. त्यानं चकलीवरचा कागद उचलून बघितला, करंज्या बघितल्या, झाकण नीट लावलं. मग केबिनमधून स्वतःची खुर्ची ओढून बाहेर सावलीत आणली, हातानं पुसली आणि म्हणाला, "बस आता."

मी बसले. आमच्या घरात बसायची पाळी पहिल्यांदाच माझ्यावर आली होती, आणि मला उठावंसं वाटेना.